जॉबचे माप घेता, हाताचे कोण घेणार?

"पोरगा सीएनसीवर लागला." शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या आपल्या वस्त्यांत हे वाक्य आता वरचेवर कानावर येते. सांगणाऱ्या आईच्या आवाजात अभिमान असतो, आणि तो रास्तच आहे. तिने स्वतः वीटभट्टीवर विटा थापलेल्या असतात, दुसऱ्याच्या बांधावर भात लावलेला असतो. तिचा मुलगा आयटीआयमधून टर्नर होऊन मुरबाडच्या एमआयडीसीत किंवा आसनगाव-वासिंदच्या पट्ट्यातल्या एखाद्या शेडमध्ये संगणकावर चालणारे यंत्र चालवतो, ही मोठी झेप आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, या पानावर आम्ही त्या कामाची भीती घालायला बसलेलो नाही. हे कौशल्य आपल्या मुलामुलींनी शिकावे, त्यात पुढे जावे, सेटर आणि प्रोग्रॅमर व्हावे, असेच आम्हाला वाटते. पण त्या यंत्रासमोर वीस वर्षे उभे राहूनही हात, डोळे, कान आणि फुप्फुसे शाबूत राहिली पाहिजेत. ती कशी राखायची, एवढेच आज बोलायचे आहे.

या विषयाकडे आमचे लक्ष वेधले ते एका आईने. विहारातली संध्याकाळची बैठक संपल्यावर ती मुलाला घेऊन आली आणि म्हणाली, "याचं गजकर्ण आठ महिने झाले, जात नाही." मुलाने हात पुढे केले. बोटांच्या बेचक्यांत भेगा, मनगटापर्यंत लाल, खरखरीत कातडी. मेडिकलमधून आणलेल्या तीन-चार ट्यूब संपल्या होत्या. आम्ही विचारले, "दिवाळीच्या सुटीत कसं होतं?" तो म्हणाला, "सुटीत बरं झालं होतं. कामावर गेलो की आठ दिवसांत परत." या एका उत्तरात निदानाची अर्धी वाट सापडली. त्वचारोगतज्ज्ञांनी पुढे तेच सांगितले. ते गजकर्ण नव्हतेच, तो कूलंटने झालेला त्वचादाह होता.

यंत्र कसे चालते

घरातल्यांना हे काम नेमके काय आहे ते कळले, तर धोका कुठे आहे तेही कळेल. टर्निंग म्हणजे लेथकाम. धातूची गोल सळई चकमध्ये घट्ट धरतात, ती मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरते आणि समोरून येणारे टोकदार टूल तिला तासते. पूर्वी कारागीर हँडल फिरवून टूल पुढे-मागे नेत असे. सीएनसीत हे काम प्रोग्रॅम करतो. एम०३ म्हटले की स्पिंडल फिरतो, जी०१ म्हटले की टूल ठरलेल्या गतीने कापत जाते, एम०८ म्हटले की कूलंटची धार सुरू होते. आपल्या गॅसच्या शेगडीतला छोटा पितळी जेट, नळाच्या आतले भाग, मोटारसायकलमधले बुश आणि पिना असे हजारो लहान तुकडे अशाच यंत्रांवर निघतात.

हे काम बारकाव्याचे आहे. तुकडा दहा-वीस मायक्रॉनने चुकला तरी भंगारात जातो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणून ऑपरेटर ठरावीक तुकड्यांनंतर मायक्रोमीटर लावतो आणि आकडा वहीत लिहितो. टूल झिजले की इन्सर्ट बदलतो. यंत्राला तेल आहे का, हवेचा दाब बरोबर आहे का, तेही पाहतो.

आमचा प्रश्न असा की तुकड्याचे माप दिवसातून पन्नास वेळा घेतले जाते, पण तो काढणाऱ्या हाताचे माप कधी घेतले जाते का? कातडी, कान, श्वास हीसुद्धा थोडी थोडी झिजतात. त्यांचा इन्सर्ट मात्र बाजारात मिळत नाही.

कातडी : सगळे गजकर्ण नसते

कूलंट म्हणजे दुधासारखे दिसणारे तेल-पाण्याचे मिश्रण. ते टूल थंड ठेवते. त्यात तेलाबरोबर साबणासारखे पदार्थ, गंजरोधके आणि जंतुनाशकेही असतात. दिवसभर हात त्यात भिजले की कातडीचे स्वतःचे तेल निघून जाते, ती कोरडी पडते, खाजते, चिरते. बारीक धातूचे कण त्या चिरांत घुसतात. काहींना जंतुनाशकाची किंवा स्टेनलेस स्टीलमधल्या निकेलची ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की ती सहसा जन्माची सोबत करते. पँट तेलाने भिजलेली राहिली तर मांड्यांवर बारीक काळ्या पुळ्या येतात.

ओळखायची खूण सोपी आहे. सुटीत बरे वाटते आणि कामावर गेल्यावर पुन्हा होते, तर कारण कामात शोधा. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे मनाने लावू नका. त्यांनी दोन दिवस आराम पडतो, पण कातडी पातळ होते आणि खरोखर गजकर्ण असेल तर ते आणखी पसरते.

पाळी संपल्यावर हात रॉकेल, पेट्रोल, थिनर किंवा कपडे धुण्याच्या पावडरीने घासू नका. तेल निघते, पण कातडीही सोलते. साधा सौम्य साबण, भरपूर पाणी, स्वच्छ फडक्याने कोरडे करणे आणि मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन, एवढे पुरे. ज्या कापडाने यंत्र पुसले त्याच कापडाने हात-तोंड पुसू नका, त्यातले धातूचे कण कातडीला ओरखडतात. यंत्र पूर्ण थांबलेले असताना तुकडे हाताळायला नायट्राइलचे हातमोजे वापरा. फिरत्या स्पिंडलजवळ मात्र कोणताही हातमोजा नको. त्याचे कारण पुढे सांगतो.

श्वास : न दिसणारे धुके

वेगाने फिरणाऱ्या धातूवर कूलंटची धार पडली की तिचे बारीक तुषार होतात. दरवाजा उघडताच ते तोंडावर येतात. अंधाऱ्या कोपऱ्यात टॉर्चचा झोत टाकला तर हवेत तरंगणारे हे धुके दिसते, एरवी दिसत नाही. त्याने खोकला, छातीत आवळणे, दम लागणे सुरू होऊ शकते.

हे किरकोळ समजू नका. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ लाँगब्रिज येथे मोटारीची इंजिने बनवणारा मोठा कारखाना होता. २००३-०४ मध्ये तिथल्या ऐंशीहून अधिक कामगारांना दमा आणि फुप्फुसाचे आजार जडल्याचे तपासात निघाले. त्यांचा संबंध धातुकामातल्या कूलंटच्या तुषारांशी होता. श्रीमंत देशात, मोठ्या कारखान्यात हे घडले. आपल्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर एकच पंखा असतो आणि तोही धुके एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर नेतो.

कूलंट कुजते, हेही लक्षात ठेवा. रविवारी यंत्र बंद राहिले की सोमवारी सकाळी कुजक्या अंड्यासारखा वास येतो. टाकीत जंतू वाढल्याची ती खूण आहे. टाकीत थुंकणे, चहाचे कप किंवा गुटख्याच्या पुड्या टाकणे हे तर आपल्याच हाताने आपल्या श्वासात विष कालवणे झाले. टाकीवर तरंगणारे तेल काढणे, रिफ्रॅक्टोमीटरने कूलंटचे प्रमाण तपासणे, नुसते पाणी न ओतता ठरल्या प्रमाणात मिश्रण टाकणे, वेळेवर टाकी साफ करणे, ही कामे उत्पादनाइतकीच महत्त्वाची आहेत. त्याने टूलही जास्त टिकते. मालकाशी बोलताना हा मुद्दा जरूर मांडा, तो त्याला लगेच पटेल. कटिंग थांबल्यावर धुके खाली बसायला थोडा वेळ द्या आणि मगच दरवाजा उघडा.

हात आणि डोळे : दरवाज्याची किल्ली

सीएनसीच्या दरवाज्याला इंटरलॉक असतो. दरवाजा उघडा असेल तर स्पिंडल फिरू नये, यासाठी तो असतो. काही ठिकाणी वेळ वाचावा म्हणून त्यात चुंबक अडकवून किंवा वायर जोडून तो निकामी करतात. हिशेब करून पाहा. एका तुकड्याला एक मिनिट लागत असेल तर आठ तासांत दरवाजा ४८० वेळा उघडतो. एका माणसाकडे दोन यंत्रे दिली तर ९६० वेळा. इतक्या वेळा हात आत जातो. थकलेल्या माणसाची एकच चूक पुरेशी असते.

म्हणून घरातल्या प्रत्येकाने या गोष्टी आपल्या मुलाला, मुलीला, भावाला विचारा :

दरवाज्याचा इंटरलॉक चालू आहे ना? फिरत्या जॉबवर हाताने पॉलिश पेपर धरत नाहीस ना? कागद गुंडाळला गेला की त्याच्याबरोबर बोट जाते. हातमोजा, अंगठी, कडे, मनगटातला दोरा काढून ठेवतोस ना? हे सगळे फिरत्या चकमध्ये अडकते आणि हात ओढून नेते. तपासणी, बर काढणे आणि पॅकिंगवर आपल्या अनेक लेकी-सुना आहेत. त्यांनी ओढणी, पदर, मोकळे केस आणि बांगड्या यांची हीच काळजी घ्यावी. चक-की चकमध्ये विसरून यंत्र सुरू होत नाही ना? चिप्स हाताने ओढतोस की हुकने? लांब सुरळीसारखी चिप ब्लेडसारखी कापते.

एअर गनने अंगावरचे कपडे झटकण्याची सवय सर्रास दिसते. दाबाची हवा धातूचे कण डोळ्यात आणि कातडीत घुसवते. ब्रश वापरा आणि डोळ्यांवर बाजूनेही झाकणारा चष्मा ठेवा.

डोळ्यात कण गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने धुवा. तूप, मध, आईचे दूध, गुलाबपाणी काहीही घालू नका. सोबत्याला काडीच्या टोकाने किंवा रुमालाने कण काढायला लावू नका. कण रुतला असेल तर डोळ्यावर कागदी कप हलकेच झाकून, दाब न देता, थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा.

बोट तुटलेच तर जखमेवर हळद, चहापूड किंवा तंबाखू भरू नका. स्वच्छ कापडाने दाबून धरा, हात वर ठेवा. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकू नका. पहिल्या मदतीसाठी शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयातच होते, म्हणून निघतानाच १०८ ला फोन करा. इथे एकेक तास मोलाचा असतो.

कान आणि झोप

हातभर अंतरावरच्या सोबत्याशी ओरडून बोलावे लागत असेल तर आवाज कानाला घातक आहे असे समजा. एअर गनचा फुत्कार आणि बार फीडरमध्ये आपटणारी सळई यांचा त्रास सर्वांत जास्त. कान एकदम बहिरे होत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात, म्हणजे लहान मुलांचे बोलणे, मोबाइलची घंटी. घरात टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल, रात्री कानात शिटी वाजत असेल, तर ऑडिओमेट्री करून घ्या. गेलेले ऐकणे परत येत नाही. इअरप्लग मात्र थोड्या पैशांत मिळतो.

रात्रपाळीच्या माणसाला दिवसा झोपू देणे हे घराचे काम आहे. पत्र्याच्या घरात दुपारी झोप लागत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी खिडकीला जाड कापड, बाहेर मुलांना थोडा दम आणि सलग काही तास शांतता, एवढे करता येते. अर्धवट झोपेत यंत्रही धोक्याचे आणि पहाटे मुरबाड-कल्याण रस्त्यावरची मोटारसायकलही धोक्याची.

घरात येणारे शिसे

ही बाब फारच कमी घरांना माहीत आहे. सहज कापले जावे म्हणून टर्निंगच्या पितळात साधारण तीन टक्के शिसे मिसळलेले असते. काही पोलादांतही थोडे असते. ते कण हाताला, केसांना, कपड्यांना लागून घरी येतात. लहान मुलाच्या मेंदूसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

म्हणून कामाचे कपडे कामावरच बदला. ते शक्य नसेल तर घरात शिरण्याआधी बदला, झटकू नका, वेगळ्या बादलीत धुवा. मूल धावत येऊन बिलगण्याआधी हात-तोंड धुवा. आणि दादांनो, तंबाखूचे तर बोलायलाच हवे. कूलंट आणि पितळ लागलेल्या तळहातावर चुना-तंबाखू मळून ती ओठाखाली ठेवणे म्हणजे तंबाखूच्या विषात शिशाची भर घालणे. सोडता आली तर उत्तमच. सुटेपर्यंत निदान त्या हाताने मळू नका.

हक्क : बाबासाहेबांनी घातलेला पाया

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले आणि कामगार कुठे, कसा राबतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्यांच्याच कारकिर्दीत प्राध्यापक बी. पी. आदारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना सोपवली गेली. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा, म्हणजे ईएसआय, उभा राहिला. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४६ च्या कारखाना कायद्याच्या दुरुस्तीने आली.

तो हक्क आज असा आहे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होतो. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. म्हणजे १६,००० वेतनावर तुमचे १२० रुपये कापले जातात आणि मालक ५२० रुपये भरतो. त्यात कुटुंबाचे उपचार येतात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, आणि कामावरच्या अपघाताने काम करता येत नसेल तर ९० टक्के रक्कम मिळते. कामावर जाता-येता झालेला अपघातही कायद्यात बसतो. कंत्राटदाराकडून लागलेल्या कामगारालाही हे लागू आहे. आपल्या भागातून जायला उल्हासनगर आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कामगार विमा रुग्णालये आहेत.

ईएसआय नसेल तर १९२३ च्या कायद्यापासून भरपाईचा हक्क आहे. त्या कायद्याच्या तक्त्यात अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेची ३० टक्के हानी आणि पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के हानी धरली आहे. तेलाने होणारा त्वचारोग आणि आवाजाने येणारा बहिरेपणा हे दोन्ही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या आजारांच्या यादीत आहेत. म्हणजे ही कामगाराची हलगर्जी किंवा नशीब नव्हे, कायद्याने मानलेले कामाचे आजार आहेत. हे जुने कायदे २०२० च्या कामगार संहितांत एकत्र केले आहेत आणि त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र देणे बंधनकारक आहे.

म्हणून या रविवारी घरात बसून एवढे करा. नियुक्तीपत्र आहे का पाहा. पगारपत्रकावर ईएसआयची कपात आहे का आणि दहा आकडी विमा क्रमांक मिळाला आहे का, ते तपासा. तो क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा, अपघाताच्या दिवशी शोधत बसायची वेळ येऊ नये. छोटी जखम झाली तरी कारखान्याच्या अपघात नोंदवहीत लिहून घ्या. डॉक्टरांकडे गेलात की "मी सीएनसीवर काम करतो, कूलंट लागते, पितळ कापतो" हे स्वतःहून सांगा. डॉक्टरांना ते कपाळावर लिहिलेले दिसत नाही.

आणि एक वही करा. महिन्यातून एकदा मुलाचे हात उजेडात पाहा. खोकला, कानातली शिटी, डोळ्यांची लाली, झोपेचे तास दोन ओळींत लिहा. कारखान्यात जॉबची वही असते, तशी घरात त्या हाताची वही असू द्या.

त्या आईचा मुलगा आजही सीएनसीवरच आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून त्याला हातमोजे मिळाले, शेडमधली टाकी साफ झाली आणि हातांवरच्या भेगा भरत आल्या. आता तो प्रोग्रॅमिंग शिकतो आहे. त्याची आई परवा म्हणाली, "काम सोडवायचं नव्हतं मला, पोराचे हात वाचवायचे होते." आम्हालाही तेवढेच म्हणायचे आहे.

जय भीम.